पाण्यासोबत

"गोई कशासंग घेतं तू?" माधवीनं गोळीचं विचारलं, आणि मी सहज म्हणाले, "रसासंग." दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा अजून सुटला नव्हता. त्यातली हवा हळूहळू उतरत होती आणि बोटांना मुंग्या येत होत्या. पट्टा सोडायला पुढं झालेला तिचा हात तिथंच थांबला. "कशाच्या रसासंग?" आता हा काय प्रश्न झाला! म्हटलं, "संत्र्याच्या. आमच्या घरी दुसऱ्या कशाचा असते?" तिनं पट्टा काढला, त्याची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली. मग खुर्चीत मागं टेकून ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा असा काही झाला की तो मला आवडला नाही. "साधने," ती म्हणाली, "अवं, दिवायीपासून मी तुया मागं लागून राहिली. मीठ सोड, झोप घे, टेन्शन नको घेऊ. आन् तू रोज सकाई त्या गोईवर संत्रा पिऊन राहिली!"

माधवी आणि मी अंजनगावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. ती पुढं डॉक्टर झाली, अमरावतीत तिचा दवाखाना चांगला चालतो, बाहेरच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती आणि तिच्यासमोर आपापल्या फायली मांडीवर घेऊन बसलेली माणसं. अकोल्यात डॉक्टर नाहीत का, असं मला कोर्टातल्या बायका विचारतात. आहेत की. पण अकोल्यातल्या डॉक्टरसमोर मी साधनाताई असते, आणि माधवीसमोर येडी. रक्तदाबासाठी तिनं मला आधी एक गोळी दिली, त्या गोळीनं कोरडा खोकला लागला. मी कोर्टात लघुलेखिका आहे. साक्षीदार बोलतो आणि मी लिहून घेते. साक्षीदाराच्या प्रत्येक वाक्याला माझा खोकला जोडला जायला लागला तेव्हा साहेबांनीच मला रजा सुचवली. दुसऱ्या गोळीनं पाय सुजले. मग तिनं ही काढली. अकोल्यात ही कुठं मिळत नाही, औषधवाल्याला नागपूरहून मागवावी लागते. "रक्त कमी पोचून राहिलं असं किडनीले वाटलं," माधवीनं तेव्हा समजावलं होतं, "का ते रेनिन नावाचं एक रसायन सोडते. त्याच्यामांगं बाकीची सारी गाडी सुरू होते, नसा आवळतात, दाब चढते. बाकीच्या गोया त्या गाडीले पुढं कुठंतरी अडवतात. हे गोई रेनिनलेच धरते, मुळात." आज तिनं उरलेलं सांगितलं. ही गोळी आतड्यातून रक्तात जाते तीच मुळी जराशी, आणि वर रस असला की त्या जराशातलंही पुष्कळ जात नाही. म्हणजे गोळी पोटात जायची, आणि पोटातूनच निघून जायची. पाण्यासोबत घे, असं तिनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, हे मी नाकारत नाही. पण पाण्यासोबत घ्या, हे डॉक्टर लोक नमस्कार म्हटल्यासारखं सगळ्यांनाच म्हणतात. ते ऐकतं कोण?

"उन्हाळ्यात कसा मस्त उतरला होता तुया बीपी," माधवी म्हणाली. "हिवाळा लागला आन् चढला. मले वाटलं थंडीनं चढला, थंडीनं चढतेच. म्या डोस वाढवला. तुयाकडे संत्रा आला होता हे मले कसं सुचलं नाई? अंजनगावची मी!" मग हसू आवरून ती समोरच्या कागदाकडं पाहत राहिली. "लघवीतून प्रोटीन जाऊन राहिलं आता. मांगच्या खेपेले नव्हतं. डोयाचं झालं, आता किडनी. मानिकमावशीचं तू पाह्यलं हाय." माणिकबाई माझी आई. मी म्हटलं, गोळी सकाळी घेते आणि रस दुपारी पिते, चालेल? "किती तासानं चालते हे कोनी छातीवर हात ठेवून सांगत नाई. आन् किडनी अशी असली का संत्र्यातल्या पोटॅशियमचंबी पाहा लागते. बंद म्हंजे बंद. सोपं तर हाय!" खरंच सोपं होतं. मी तिच्या टेबलावरचा पेढा उचलला, तिनं हातावर चापट मारली, मी हसत बाहेर आले. आणि पायऱ्या उतरता उतरता रोज तो रस पिळून देणाऱ्या बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

अमरावतीच्या रस्त्यावर मी कधी रमतगमत चालत नाही. इथं माझं सासर होतं. दवाखाना ते बसस्टँड, ऑटोत बसायचं आणि समोर पाहायचं, असा माझा शिरस्ता. आज ऑटोवाला कुठल्या गल्लीतून नेतोय इकडं लक्ष गेलं नाही, कारण मला राग आला होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं. दिवाळीपासून मी काय केलं होतं? स्वतःला खणत होते. टेन्शन नको घेऊ, असं माणसाला सांगितलं की तो पहिल्यांदा काय करतो, तर टेन्शन कुठं ठेवलंय ते शोधायला लागतो. मीही शोधलं. कोर्टात लोकांची भांडणं माझ्या बोटांतून कागदावर उतरतात आणि माझ्यात काही राहत नाही, असा माझा समज होता; तो मी तपासून पाहिला. नवऱ्याची आठवण काढून पाहिली. मूल नाही, त्याचं दुःख आहे का, हे आतल्या आत बोट लावून पाहिलं, जसा दात दुखतो का ते जिभेनं पाहतात. आणि एकदा शोधायला लागलं की मिळतंच. अडगळीच्या खोलीत हात घातला की हाताला काही ना काही लागणारच. एकेक दुःख मी उजेडात आणलं, झटकलं, तू का रे बाबा माझा दाब वाढवतोस, असं विचारलं, आणि प्रत्येकानं मान डोलावली. पंचवीस वर्षांत जे मिटवून ठेवलं होतं ते सगळं तीन महिन्यांत मी स्वतःच्या हातानं उघडलं. आणि आता माधवी म्हणते, अवं, संत्रा! इतक्या मेहनतीनं बाहेर काढलेलं दुःख, त्याचा ह्या आजारात काही उपयोगच नव्हता. पण ते आता पुन्हा आत कसं घालायचं, हे कोणत्या डॉक्टरला विचारू?

अकोल्याची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली. बडनेरा मागं पडलं, दोन्ही बाजूंना तुरीचे कापलेले खुंट आणि कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग. मी कपाळ काचेला टेकवलं. माधवी किडनीचं सांगत होती तेव्हा मला आमचा बगीचा आठवला होता, ते मी तिला सांगितलं नाही. बाबा संत्र्याच्या झाडांना ताण द्यायचे. ऐन वेळी पाणी तोडायचं, झाड सुकू द्यायचं, पानं मलूल होऊ द्यायची. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि ते जिवाच्या भीतीनं फुलायला तयार होतं. मग पाणी सोडायचं. कोणत्या दिवशी पाणी तोडायचं आणि कोणत्या दिवशी सोडायचं, हे बाबांइतकं आमच्या शिवारात कोणाला कळत नव्हतं. लहानपणी मला त्या झाडांची फार दया यायची. मी एकदा लोटाभर पाणी नेऊन एका झाडाच्या बुडाशी ओतलं होतं आणि बाबांनी पाहिलं होतं. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुया लोट्यानं त्याले काई होत नाई, पोरी. उगाच त्याले आशा लावतं." माझ्या किडनीलाही असाच कुठलातरी खोटा दुष्काळ दिसतोय. पाणी आहे, रक्त आहे, आणि ती आपली घाबरून नसा आवळते आहे. तिला समजावायला जी गोळी जाते तिला आम्ही रोज सकाळी दारातच अडवत होतो.

नवरा वाईट नव्हता, असं मी लोकांना सांगते. मारायचा नाही, प्यायचा नाही. तो बोलायचा नाही. माझं काही चुकलं, की पंधरा पंधरा दिवस अबोला. काय चुकलं तेही सांगायचा नाही. ताट वाढलं की जेवायचा, कपडे ठेवले की घालायचा, आणि मी बोलले तर भिंत बोलल्यासारखं दुसरीकडं पाहायचा. चार वर्षं मी स्वतःशीच मोठ्यानं बोलत राहिले. मग एक दिवस पिशवी भरली आणि अंजनगावला आले. आईनं काही विचारलं नाही, डोक्याला तेल लावलं. बाबा रात्री बगिच्यातून आले, मला पाहिलं, जेवले, झोपले. सकाळी मला म्हणाले, "चाल." स्टँडवर नेलं, अमरावतीच्या गाडीत बसवलं, तिकीट काढून दिलं, खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत दिली आणि म्हणाले, "पोचली का कयव." इतकंच. समजूत घातली असती, रागावले असते, चार लोक काय म्हणतील असं काही म्हणाले असते तरी मी भांडले असते. पण त्यांनी मला बोलायला जागाच ठेवली नाही. एका मुक्या माणसाकडून पळून दुसऱ्या मुक्या माणसाकडं गेले, आणि त्यानं मला परत पहिल्याकडं पाठवलं. अमरावतीच्या स्टँडवर उतरले आणि समोर अकोल्याची गाडी उभी होती, तिच्यात बसले. अकोल्याला रुख्मिणीमावशी होती, आईची बहीण. तिनं दार उघडलं आणि मागं सरून मला आत घेतलं. संत्र्यांची पिशवी मी गाडीतच सीटखाली सोडून दिली. ती कोणी नेली, कोणी खाल्ली, देव जाणे. त्यानंतर बाबा आणि मी लग्नाकार्यात भेटत राहिलो. कशी हाय, बरी हाय, तुमी कसे, बरा हाय. अशी वर्षं गेली.

आमच्या घरात औषध कधी नुसतं घेतलं गेलं नाही. आमची रीतच तशी. हिवतापाच्या कडूजहर गोळ्या सरकारी माणूस देऊन जायचा. बाबा संत्रं सोलायचे, एक फोड घ्यायचे, तिचं पातळ कातडं दातानं फाडून बिया काढायचे आणि त्यात गोळी दाबून बसवायचे. "आ कर." फोड जिभेवर, मग एकदम आंबटगोड, आणि कडू कुठं गेलं ते कळायचंही नाही. आईची डोकेदुखीची गोळी, आजोबांची दम्याची, सगळ्या फोडीत गेल्या. पाण्यानं गोळी अडकते, संत्र्यानं उतरते, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. बाबांचे हात भेगाळलेले, नखांत माती, पण त्या वेळी त्या हातांना जे जमायचं ते आईच्या हातांनाही जमायचं नाही. बाबांनी कधी मला जवळ घेतलेलं आठवत नाही; फोड भरवलेली आठवते. म्हणून दिवाळीत, माझ्या डोळ्याचं कोणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं आणि ते अकोटमार्गे गाडी बदलून, डोक्यावर फडकं आणि पायाशी संत्र्यांचं पोतं घेऊन माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी दारातून बाजूला सरले. "डोयाले काय झालं?" त्यांनी विचारलं. ही गोळी सुरू व्हायच्या आधी डाव्या डोळ्यात रक्ताचा एक डाग उतरला होता, आता तो विरत होता. "काई नाई, प्रेशरनं होते," मी म्हटलं. ते आत आले, पोतं स्वयंपाकघरात ठेवलं, आणि राहिले. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मी आंघोळ करून येते तोवर ओट्यावर साली पडलेल्या, हातानं पिळलेला रस स्टीलच्या ग्लासात, शेजारी माझी गोळी. त्यांना वाटीत गाळता येत नाही, बोटं थरथरतात, बिया रसातच राहायच्या. ते ग्लास माझ्या हातात द्यायचे आणि पुढ्यात उभे राहायचे. "गोड हाय?" "गोड हाय." एवढंच आमचं रोजचं बोलणं. रस आंबट असायचा. झाडं म्हातारी झालीत, निम्मी वाळलीत, जी आहेत त्यांची बाजारात न खपणारी बारीक फळं गावाकडचा वाटेकरी गाडीवर टाकून पाठवतो. बाबांना साखरेचा आजार, स्वतः ते थेंबही चाखत नाहीत. फळ हातात घेतलं, नाकाशी नेलं की त्यांना कळतं म्हणे. मी पहिल्या दिवशी गोड म्हणाले आणि मग रोजच म्हणत गेले. त्या ग्लासात काय होतं ते मला कळत होतं. तोंडानं जे त्यांना बोलता येत नव्हतं ते ते पिळून देत होते, आणि मी ते पीत होते. खरं सांगायचं तर मी ते पिण्यासाठी सकाळ व्हायची वाट पाहायचे. पन्नाशी उलटलेली बाई, बापानं दिलेल्या ग्लासासाठी लवकर आंघोळ करते! आणि दिवसभर मी त्याच बापाचा तो जुना राग उकरत बसायचे, टेन्शन शोधत. सकाळी माफी गिळायची आणि दुपारी तक्रार उगाळायची, असा हिवाळा गेला.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. चहावाला खिडकीखालून ओरडत होता. मी चहा घेतला नाही. आई डोळ्यांसमोर आली होती, सुजलेल्या चेहऱ्याची. तिचाही दाबच. तो कोणी कधी मोजला नाही, आणि मोजला तेव्हा किडन्या गेल्या होत्या. मोठ्या डॉक्टरनं फळं बंद सांगितली, सगळी. आईनं तीन दिवस पाणी पाणी केलं आणि चौथ्या दिवशी संत्रं मागितलं. मी अकोल्याहून आले होते. दवाखान्याच्या खोलीच्या दारात होते, आत जाणार होते. बाबा माझ्याकडं पाठ करून पलंगावर बसले होते आणि त्यांची कोपरं हलत होती. मग आईचं तोंड उघडलेलं दिसलं. फोड. तिनं डोळे मिटून घेतले आणि किती वेळ ती फोड तोंडात तशीच धरून ठेवली. मी पाय न वाजवता मागं फिरले. आठवड्याभरात आई गेली. मी माधवीला हे कधीतरी सांगितलं होतं; ती म्हणाली, "एका फोडीनं काई झालं नसन. ते तशीबी राहत नव्हती." माधवी खोटं बोलत नाही. पण बाबांना कोण सांगणार? आज मी घरी जाऊन म्हटलं, तुमच्या रसानं माझी गोळी वाया गेली, किडनीला लागलं, की त्यांच्या डोक्यात तो दवाखाना उभा राहणार. एकदा बायको, एकदा मुलगी. आणि दुसरंही. मी ग्लास नाकारला की त्यांना वाटेल मी ते सगळंच नाकारलं. ते पोतं उचलतील, डोक्याला फडकं बांधतील आणि अकोटची गाडी धरतील. जाताना बोलणार नाहीत. आणि ह्या वयात गेलेला माणूस पुन्हा येत नसतो.

बोरगाव मंजू येईपर्यंत मी सगळ्या लबाड्या करून पाहिल्या. ग्लास घेऊन खोलीत जायचं आणि मोरीत ओतायचा. गोळी जिभेखाली लपवायची आणि कोर्टात पाण्यासोबत घ्यायची. पण मग रस पोटात जाणारच. डॉक्टरनं गोळी बदलली म्हणायचं. संत्र्याचा हंगाम संपेपर्यंत कसंबसं ढकलायचं, उन्हाळ्यात फळच नसतं, आपोआप सुटका. पण माझ्या किडन्या हंगामाची वाट पाहणार आहेत का? प्रत्येक लबाडीत मला एकच गोष्ट दिसत होती, आमच्या घरातली जुनी: न बोलणं. नवऱ्याकडून मी अबोला शिकले नाही. तो मी माहेराहूनच घेऊन गेले होते. दारातून मागं फिरणारी मी, आंबट रसाला गोड म्हणणारी मी. त्या मुक्या माणसांत मी एकटीच बोलकी होते, अशी माझी आपली समजूत. गाडीत उन्हाचा पट्टा माझ्या मांडीवर आला आणि कानशिलं ठणकायला लागली. मला भीती वाटली. मरणाची नाही, आईसारखं सुजून, संत्रं मागत पडून राहायची.

घरी पोचले तर बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. "काय म्हनलं डाक्टरीन?" "सकाई सांगते, थकली." त्यांनी मान हलवली. माधवीच्या घरचे बरे आहेत का विचारलं, तिचा बाप त्यांच्या ओळखीचा होता. जेवणं झाली. पोत्यातून येणारा वास सगळ्या घरात होता, रोजच असायचा. आज तो मला दवाखान्यातला वाटला. झोप लागली, याचंच नवल.

सकाळी आंघोळीहून आले. साली ओट्यावर, ग्लास भरलेला, गोळी शेजारी. बाबांनी ग्लास पुढं केला. मी हात पुढं केला नाही. माझ्या छातीत काय होत होतं ते मोजायला माधवी तिथं असायला हवी होती. "बाबा, मले रस नको." त्यांनी ग्लास तसाच धरून ठेवला. "काहून?" मग मी सांगितलं. साक्षीदार सांगतो तसं, सरळ, काही न वगळता: रसानं गोळी लागू होत नाही, उन्हाळ्यात दाब उतरला होता तो म्हणून चढला, लघवीतून जायला लागलंय, किडनीला लागलंय थोडं, आता रस बंद केला तर थांबेल. तुमची चूक नाही, हेही म्हणाले, पण ते वाक्य माझ्या कानाला कोर्टातलं वाटलं. बाबा ग्लासात पाहत होते. पृष्ठभागावर एक बी तरंगत होती. मग त्यांनी ग्लास उचलला आणि स्वतः एक घोट घेतला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"आंबट हाय हे."

"रोजच असते."

"रोज?"

"हो."

"मंग बोलली काहून नाई? गोड हाय, गोड हाय करत होती."

त्यांचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा चढलेला ऐकला, आणि माझाही चढला. "तुमी कवा बोलले, बाबा? मले गाडीत बसवून देल्लं. एक शब्द बोलले तुमी? मले लय राग आला होता. अजूनबी येते."

बाबांनी ग्लास ओट्यावर ठेवला. फडक्यानं हात पुसले, एकेक बोट पुसलं. "येऊ दे," ते म्हणाले. "तो काई गोईनं जात नाई." मग थोड्या वेळानं, ओट्याकडंच पाहत, "तुया मायलेबी फळ नको म्हनलं होतं डाक्टरनं. म्या फोड देल्ली होती. तू दारात उभी होती. मांगं फिरली, तवा तुई सावली हालली भिंतीवर. मले मालूम हाय."

मी भिंतीला टेकले. त्यांना माहीत होतं. दवाखान्यापासून आजपर्यंत, लग्नाकार्यातल्या प्रत्येक कशी हाय, बरी हाय मध्ये त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. मी त्यांना सांभाळत होते आणि ते मला. "माधवी म्हनते," मी म्हटलं, "आई तशीबी राहत नव्हती. एका फोडीनं काई होत नाई."

"खरं म्हनते?"

"ते खोटं नाई बोलत."

त्यांनी एकदा मान हलवली, आणि मग कितीदा तरी हलवत राहिले. डोळे पुसले नाहीत. पाणी आलं ते गालावरून येऊ दिलं. मी पुढं झाले आणि त्यांच्या दंडाला धरलं. दंड किती बारीक झाला होता! मला वाटलं, आता ते पोत्याकडं पाहतील, आता फडकं डोक्याला बांधतील. ते स्वयंपाकघराच्या मध्यात उभे होते, हात रिकामे, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"मंग आता सकाई मी काय करू?" त्यांनी विचारलं.

असा प्रश्न त्यांनी आयुष्यात कोणाला विचारला नसेल. पाणी कधी तोडायचं, कधी सोडायचं, हे लोक त्यांना विचारत आले होते. "पानी द्या," मी म्हटलं. "गोई पान्यासंग घ्या लागते."

बाबांनी रस मोरीत ओतला. ग्लास घासला. नाकाशी नेऊन पाहिला, पुन्हा घासला, राखेनं घासतात तसा दाबून दाबून, वास राहू नये म्हणून. माठातून पाणी घेतलं. ते थोडं सांडलं, माझ्या पायावर पडलं, गार. मी गोळी जिभेवर ठेवली आणि ग्लास तोंडाला लावला. कोर्टाला उशीर होणार होता, हे मनात आलं आणि गेलं. गोळी जराशी अडली, मग उतरली. बाबा माझ्या गळ्याकडं पाहत होते, ती उतरेपर्यंत. ग्लास त्यांनी माझ्या हातातून घेतला. "गोड हाय?" हे त्यांनी विचारलं नाही. कोपऱ्यातली खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली, दुसरी स्वतःसाठी घेतली, हळूच टेकले, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले.

"बोल आता," ते म्हणाले.